बंद गाडीला सायरन ऐकू येत नाही

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं. अग्निशमन बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकाला दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शहाण्यानं यातून योग्य तो बोध घ्यावा. वाट अडवायचीच तर गाडी बंद करावी, काचा वर कराव्यात आणि घरी जाऊन जेवायला बसावं. मग तो सहसा नुसता चुकीच्या पार्किंगचा मामला होतो. त्याचा दंड महाराष्ट्रात पाचशेपासून सुरू होतो.

पुण्याच्या पेठांत हा बोध केव्हाच झालाय. बोळाच्या तोंडाशी राखाडी कव्हर घातलेली मोटार, चाकाला वीट. शेजारी सिमेंट भरलेला रंगाचा डबा, म्हणजे मोटार हलली तरी जागा हलायला नको. अडचण झाल्यास फोन करा, म्हणून मालकानं नंबरही लावलेला असतो. काचेवर, कव्हरच्या आत.

कारवाई होत नाही असं कोण म्हणतं? पोलीस फोटो काढतात, मालकाच्या मोबाइलवर ई-चलान येतं. त्या बोळात वेळेवर पोहोचणारं तेवढं एकच. मोटार तिथंच. टोइंगवालेही येतात, पण त्यांचा जीव स्कूटरवर, उचलायला हलकी.

राहता राहिला बंब. तो चौकात थांबतो आणि जवान पाइप ओढत मोटारीच्या कडेनं अंग चोरून धावतात. वरच्या गॅलरीतून मालक काळजीनं ओरडतो, ‘‘अहो, जरा बेतानं! परवाच डेंटिंग-पेंटिंग केलंय!’’