आवाज येतोय का, साहेब?

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही २०२०ची सरकारी घोषणा निम्मी तर शंभर टक्के खरी होती. मार्चात कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण पडले आणि नकाशात गोदावरी न दाखवताच लाखो पोरं पैलतीराला लागली. गुरुजी तोवर कुठे नाकाबंदीवर उभे, कुठे रेशन दुकानापुढच्या रांगा लावतायत. त्यातून सुटले की ऑनलाइन शिकवायचं.

शिकवायचं कोणाला? मोबाइल बापाच्या खिशात आणि बाप शेतात. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. घरात आहे म्हणजे पोराच्या हातात आहे, असं फक्त मंत्रालयाच्या खिडकीतून दिसतं. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा वर्ग भरायचा रात्री आठनंतर, बाप घरी आला की. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून गुरुजी विचारणार, “आवाज येतोय का?” चौथीतला गण्या सांगणार, “आवाज येतोय सर, पण तुम्ही थांबलाय.” मागून आजी: “मास्तर जेवले का, विचार की रे!” सातच्या पाढ्याला रेंज गेली की पोरं परत उगवायची ती थेट नवाच्या पाढ्याला.

हे झालं शिकवणं. खरी ऑनलाइन शाळा भरायची दुसऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे विद्यार्थी म्हणजे गुरुजी आणि छडी केंद्रप्रमुखांच्या हातात. ‘अत्यंत तातडीचे. आज दुपारी ४ पर्यंत लिंक भरावी. विलंब झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’ स्मार्टफोन किती, साधे किती, टीव्ही किती, रेडिओ किती. सोबत फोटो, आणि फोटोत मूल शिकताना दिसलं पाहिजे. शिकलं का, याला रकाना नव्हता. (केंद्रप्रमुखांचा तरी काय दोष? त्यांनाही वरून लिंक आलेली असायची, साडेतीनची.) मग हुशार गुरुजींनी तोड काढली. पाच पोरं झाडाखाली बसवायची, एकच मोबाइल पाचांच्या हातात फिरवायचा, पाच फोटो टाकायचे. झाले पाच विद्यार्थी ऑनलाइन! आता जमलीच आहेत पोरं, तर गुरुजी त्यांना भागाकारही शिकवून टाकायचे. पण ते अहवालात कुठे लिहायचं?

गंमत अशी, की जिथे काही धड चाललं तिथे नेटचा संबंधच नव्हता. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या पाड्यांवर भोंग्यावरून धडे वाजले. भिंतीला रिचार्ज लागत नाही, आणि बापाने शेतात जाताना ती बरोबर नेल्याचं ऐकिवात नाही. फक्त एक पंचाईत: ‘उपलब्ध साधने’ या रकान्याखाली भिंतीला पर्याय नाही. ‘इतर’वर बोट ठेवायचं आणि पुढे जायचं.

२०२१ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण, अंतर्गत मूल्यमापन, तोंडी-प्रात्यक्षिक यांची मोट बांधून गुण भरले शिक्षकांनीच. निकाल ९९.९५ टक्के. वर्षभर ‘सर, रेंज नाही’ म्हणणारं राज्य असं एकजात हुशार निघालं, की क्लासवाल्यांना जाहिरातीत काय छापावं कळेना.

१६ जुलैला दुपारी १ वाजता निकाल लागला आणि संकेतस्थळ जे बसलं ते कित्येक तास उठलंच नाही. गुरुजी, गण्याची दहावीतली थोरली बहीण, तिचा बाप, सगळे मोबाइलवर फिरणारं चक्र बघत बसले. त्या दिवशी मात्र वरच्या साहेबांना कुणी लिंक पाठवली नाही, ४ पर्यंत खुलासा भरा म्हणून.