शुभेच्छुकागणिक एक कोअर

सिंहस्थ तोंडावर आला आणि नाशिकच्या कलाक्षेत्राला साक्षात्कार झाला: साध्या डेस्कटॉपवर कला होत नाही, तिला वर्कस्टेशनच लागतं. एम. जी. रोडवर सध्या असा संवाद चालतो.

"भाऊ, काम काय करता?"

"वाढदिवसाचे फ्लेक्स."

"मग थ्रेडरिपर प्रोसेसरच घ्या. ६४ कोअर!"

हिशेब चोख आहे. फ्लेक्सवर साहेब एक, खाली शुभेच्छुक त्रेसष्ट. मुंडक्यागणिक एक कोअर.

काही नतद्रष्ट जाणकार मात्र म्हणतात, की फोटोशॉपची बहुतेक कामं मोजकेच कोअर करतात. उरलेले सरकारी कचेरीसारखे हजेरीपुरते बसतात. १६ कोअरचा रायझेन ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, ६४ कोअरचा थ्रेडरिपर ७९८०एक्स ५.१ वर दमतो. बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत ६४९ डॉलर होती, दुसऱ्याची ४,९९९. म्हणजे सातपटीहून जास्त मोजा आणि साहेबांना थोडं उशिरा झळकवा. प्रतिष्ठेला वेळ लागतोच.

गंगापूर धरणावर प्री-वेडिंग टिपणाऱ्यांचीही तीच गत. कॅमेऱ्यातलं दाबून बसवलेलं फुटेज उलगडायला इंटेलच्या बहुतेक घरगुती चिपमध्ये क्विक सिंक असतं. थ्रेडरिपरमध्ये ते नाही; तिथे सगळी भिस्त ग्राफिक्स कार्डावर.

मग येते चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी. नाव ऐकून आमचे डिझायनर हरखतात. ती मेमरीत उलटलेला बिट सुधारते, 'हार्दीक शुभेच्छा' मधली वेलांटी नाही.

तरी आपण बरे. २०२० साली अॅपलने मॅक प्रो संगणकासाठी चार चाकं ६९९ डॉलरला विकली. त्यांना ब्रेक नव्हता, घेणाऱ्यांनाही नसावा.

ज्यांची थ्रीडी दृश्यं रात्र-रात्र रेंडर होतात, ज्यांना २५६ जीबी मेमरीही अपुरी पडते, त्यांनी भारी मशीन जरूर घ्यावं. तिथे ते महिन्याकाठी पैसे फेडतं. पण अशांना दुकानदाराला विचारावं लागत नाही. कोणत्या कामात यंत्र अडतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विमा गहाण टाकून लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा आणला. कच्च्या फिल्मला भोकं पाडायला पत्नी सरस्वतीबाई रात्री घरीच बसत. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे कर्ज त्यांनीही काढलं, पण सिनेमा करायचा म्हणून कॅमेरा घेतला. आपण कॅमेरा, कार्ड, कोअर सगळं घेतो आणि मग हप्ते फेडण्यासाठी सिनेमा शोधतो.

घ्या, भाऊ, हवं ते घ्या. रेंडर दहा मिनिटं आधी आटपेल. गिऱ्हाइकाचा 'शेवटचा एकच बदल' मात्र रात्री अकराला यायचा तो कुठल्याही प्रोसेसरवर अकरालाच येईल.