मारुती 800, ताप 800

वालूरात शर्यत लावायची म्हटलं, तर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या एसटीशीच लावावी लागते. तीही बहुधा एसटीच जिंकते. तरी आमच्या पुतण्याने आपली जुनी मारुती 800 ‘परफॉर्मन्स’ गाडी करायची ठरवली. इंजिन 796 सीसीचं, सिलिंडर तीन, नवी होती तेव्हा ताकद सदतीस घोड्यांची. त्यातले बरेचसे घोडे एव्हाना पेन्शनीत गेलेले असणार.

“काका, हेडर बसवायलो,” तो म्हणाला.

कंपनीने तिन्ही सिलिंडरचा धूर बिडाच्या एका जाड ठोकळ्यात कोंबलेला असतो. त्याला म्हणायचं मॅनिफोल्ड. हेडर म्हणजे तो ठोकळा काढून बसवलेले तीन स्वतंत्र नळ. शक्यतो सारख्या लांबीचे, गुळगुळीत वळणांचे, पुढे जाऊन एकत्र होणारे. मग एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत आडवा येत नाही. शिवाय धूर जितका गरम राहील तितका जोरात पळतो, म्हणून नळाची ऊब नळातच राहावी, बॉनेटखाली पसरू नये. त्यासाठी वरून लेप हवा. आणि लेप कोणता, यावरून आमच्या घरात जी चर्चा झाली, तेवढी पुतण्याच्या लग्नाचीही झालेली नाही.

आधी नळ. सेलूच्या एका मिस्त्रीने जीआय पाइप सुचवला. “गंजत नाय, बघायचं कामच नाय.” पाण्याच्या नळाला हे ठीक. पण जीआयवरचं जस्त 419 अंशांना वितळतं, आणि पूर्ण दाबलेल्या पेट्रोल इंजिनातून निघणारा धूर 800 अंशांच्या आसपास असतो. नळाची कातडी त्याहून थंड असते खरी, पण इंजिनाच्या तोंडाशी ती लालही होऊ शकते. वर जस्ताचा पाइप वेल्डिंग केला की त्या धुराने वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं. “मग दूध पेयचं रात्री,” एवढाच त्याचा उपाय.

शेवटी साधा काळा पाइप ठरला. वाकवताना तो चेपू नये म्हणून मिस्त्रीने आत कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली, मग तापवून वळवला. वळण सुरेख आलं. पण आम्ही वालूरची माणसं वळणांच्या बाबतीत जरा शिष्ट. आमच्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत तळाशी उतरतात. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली तेव्हापासून लांबलांबचे लोक बघायला येतात. दगडाचं वळण रोज बघणाऱ्याला लोखंडाचं वळण दाखवून काय कौतुक करून घेणार?

आता लेप. पारावर विषय निघाला आणि ज्याच्याकडे सायकलही नाही त्याचंही मत निघालं.

एकाने क्रोम सांगितलं. क्रोम आठवडाभर चमकतो, मग तापून पिवळा आणि निळा पडतो. ते निळेपण काही बुलेटवाल्यांना दागिन्यासारखं वाटतं, तो भाग वेगळा. दुसऱ्याने नळाला काचतंतूंची पट्टी गुंडाळायला सांगितली, पुतण्याच्या मोबाईलमधल्या सगळ्या गोऱ्या पोरांनी तीच गुंडाळलेली. पट्टी ऊब धरते हे खरंच. पण ती ओलही धरते. रोज पळणाऱ्या गाडीत ओल उडून जाते; आमची गाडी पावसाळ्यात निम्मा वेळ लिंबाखाली उभी. पट्टीच्या आत साधं लोखंड गुपचूप गंजत राहतं आणि पट्टी सोडली की नळही सोबत सुटून येतो.

तिसरं सिरॅमिक कोटिंग. झिरकोनिया लोखंडापेक्षा कितीतरी पट कमी उष्णता पुढे जाऊ देतं. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांना तापापासून वाचवायला तेच वापरतात. हे सगळ्यात उत्तम, यात मला शंका नाही. फक्त पुण्याहून जो भाव कळला, तो ऐकून भाऊ म्हणाला, “त्यापेक्षा गाडीच भंगारात देऊ, पैसे तरी येतील.”

राहिला चंदेरी थर्मल पेंट. सिलिकॉन रेझिनमध्ये अॅल्युमिनियमचा चुरा. तापल्यावर रेझिनचा जळणारा भाग जळून जातो आणि उरलेल्यात अॅल्युमिनियम लोखंडाला घट्ट बसतं. डब्यावर 600 अंश लिहिलेलं. पुतण्याचा चेहरा पडला. “काका, धूर तर 800 चा.” मी म्हटलं, बाबा रे, 800 यायला गाडी एका दमात तळापर्यंत दाबून ठेवावी लागते. आपल्या रस्त्यावर इतका वेळ दाबलीस तर हेडरच्या आधी तुझा मणका बदलावा लागेल.

आईला मात्र हा सगळाच प्रकार पोरकट वाटला. चुलीवर ठेवायच्या पातेल्याला ती वर्षानुवर्षं बाहेरून राखमातीचा लेप देत आली, डबा विकत न आणता. पण तिनेच एक प्रश्न विचारला जो पारावर कुणाला सुचला नव्हता. “आधी घासलं का नीट?”

खरी गोम तिथेच. रंग निवडण्यात महिना घालवणारे नळ घासायला दहा मिनिटं देत नाहीत. गंजाचा कण, तेलाचं बोट, जुना रेड ऑक्साइड, काहीही खाली राहिलं की पहिल्याच तापाला पापुद्रा सुटतो. पुतण्याने सवयीने प्रायमर मारायला घेतलाच होता. साधा प्रायमर जळून जातो आणि वरचा रंगही घेऊन जातो. सँड ब्लास्टिंग सगळ्यात चांगलं. ते जमेना म्हणून पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि थिनर. थर पातळ द्यायचे. आमच्याकडे जाड थर म्हणजे मन मोठं, असा समज. हा रंग जाड झाला की फोड येतात.

मग पक्का करणं. रंग वाळतो हवेत, पण पक्का होतो तापून, तेही टप्प्याटप्प्याने: थोडं तापवा, थंड होऊ द्या, जास्त तापवा, पुन्हा थंड. मे महिना होता, परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे, तेव्हा अर्धं काम फुकटात होईल असं भाऊला वाटलेलं. पण रंगाला लागतात 200 अंश आणि वर. एकाने ढाब्याचा तंदूर सुचवला. ढाबेवाला रोट्यांना थिनरचा वास येईल म्हणून नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. शेवटी हेडर गाडीला बसवून इंजिनच चालू ठेवलं. गल्लीत निळसर धूर, उग्र वास, शेजारच्या गच्चीवरचे पापड घाईघाईने आत.

“कुठं निघालाव?” शेजारचे मामा.

“कुठंच नाही. तापवायलो.”

“आन् मग?”

“मग थंड करायचं.”

मामा बराच वेळ उभे राहिले. पेट्रोलचा भाव त्यांना माहीत होता.

गाडी आता थोडी जास्त गुरगुरते. वेग किती वाढला ते सांगता येत नाही, कारण मोजायला सलग रस्ता मिळालेला नाही. डब्यात रंग उरला होता, तो आईने अंघोळीच्या बंबाच्या धुराड्याला मारून घेतला. घासून, पातळ थर देऊन. बंब रोज पहाटे नेमाने तापतो, रोज थंड होतो, त्यामुळे त्याच्यावरचा रंग हेडरवरच्यापेक्षा पक्का झालाय, आणि मामा हल्ली येतात ते गाडी बघायला नाही. त्यांच्याही बंबाला तोच डबा हवाय.