खाऱ्या पाण्यात टिकेल का?

रायपूरला समुद्र नाही, हे रीलवाल्या काकांना कुणीतरी एकदा जवळ बसवून सांगायला हवं. त्यातल्या त्यात जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा. टिटलागढ-रायगडा मार्गे रुळांवरून पाचशे किलोमीटरच्या पुढे. मुंबईचा म्हणाल तर अकराशेच्याही वर. गावात म्हणायला 'मरीन ड्राईव्ह' आहे, पण तो तेलीबांधा तलावाचा काठ. तिथे फुगे मिळतात, चाट मिळते. हेकरू मासा मिळत नाही. आणि काका तर खास हेकरूसाठीच रील निवडत होते. सलग 3 वर्षं.

रील म्हणजे मोबाइलवरचं नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातली पोरं सुरुवातीला "काका, फॉलोअर्स किती?" विचारायची. काकांचं रील म्हणजे गळाच्या काठीवर बसणारी, दोरा गुंडाळणारी चरखी. जिग नावाचा माशाच्या आकाराचा जड धातूचा तुकडा थेट तळाला सोडायचा, टेकला की काठीला झटके देत नाचवत वर आणायचा. खडपात दबा धरून बसलेला हेकरू नाहीतर तांबोशी त्यावर झेपावते. हे सगळं काका हातवारे करून सांगतात, तेव्हा समोरच्यानं चहाचा कप बाजूला ठेवलेला बरा.

निवड सोपी नव्हती. स्पिनिंग घ्यायचं की आडव्या पिंपाचं? गिअर 6.2 चं, म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरा सहा वेळा गुंडाळला जातो, की 4.9 चं? चपळ माशाला वेग हवा, पण हेकरू गळ लागताच आपल्या बिळाकडे वळतो. त्याला पहिल्या दोन-चार मीटरांतच उचलावा लागतो, तिथे जोर हवा. जपानची शिमानो 1921 साली साकाई गावात सायकलचं फ्रीव्हील करत सुरू झाली, अमेरिकेतली पेन 1932 पासून रीलंच करतेय. मग भरवसा कुणावर ठेवायचा? हा प्रश्न काकांनी एकदा अंत्ययात्रेत विचारला होता. सायकलवाल्यांवर ठेवा, असं खांदा बदलता बदलता कुणीतरी सांगून टाकलं.

पण काकांचा खरा प्रश्न एकच: "खाऱ्या पाण्यात टिकेल का?"

रीलच्या बाबतीत तो रास्तच आहे. बेअरिंगमध्ये मीठ शिरलं की गंज, गंजलं की मूठ जड, म्हणून चांगली रीलं आतून सील केलेली असतात आणि वापर झाला की गोड्या पाण्यानं धुवायची असतात. पण काकांनी तो प्रश्न जगालाच लावला. काकूंनी मिक्सर आणला, काकांनी भांडं उलटं करून पाहिलं: "खाऱ्या पाण्यात टिकेल का?" मंडळात गणपतीच्या महाप्रसादाला नवे झारे आले, तोच प्रश्न. पुतणीला पाहायला भिलाईहून मुलगा आला. काकांनी त्याला पगार विचारला नाही. त्याच्या मनगटावरचं घड्याळ न्याहाळत राहिले. मुलगा पोलाद कारखान्यात होता. प्रश्न आला तसा शांतपणे म्हणाला, "काका, भिलाईचं स्टील समुद्रावरच्या पुलांना जातं." लग्न तिथेच ठरलं.

अखेर रील आलं. काका ते दर रविवारी गोड्या पाण्यानं धुवायचे. खारं पाणी त्यानं अजून पाहिलंही नव्हतं. ड्रॅग, म्हणजे दोरा किती ओढीला सुटावा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा म्हणतात. तो तपासायला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतून पाण्याची बादली सोडली गेली. मग 200 ग्रॅमची जिग. दोन झटके दिले आणि काठी वाकली. खालच्या बाल्कनीतली वाळत घातलेली कोसाची साडी डौलात वर आली. पहिला मासा! साडीच्या मालकिणीचं मत इथे छापण्याजोगं नाही.

आता समुद्र. पहिल्या वर्षी पोरांच्या सुट्टीत मे महिन्यात विशाखापट्टणम गाठलं. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. काका धडा शिकले. पुढच्या वर्षी 15 जून उलटू दिला आणि मालवणला गेले. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंद! तीन वर्षं रीलच्या पुस्तिका पाठ करणाऱ्या माणसानं कॅलेंडर काही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला दिवाळीत होडी मिळाली. आदल्या रात्री लॉजवर काकांनी नवा कोरा दोरा भरला: पीई 3, जाडी 0.285 मिलिमीटर, रेशमासारखा गुळगुळीत. असा दोरा धातूच्या पिंपावर थेट बांधायचा नसतो. आधी तंगूसाचे चार वेढे द्यावे लागतात, नाहीतर सगळी गुंडाळीच पिंपावर गरगर फिरते. हे काकांनी रायपुरात निदान चाळीस जणांना समजावून सांगितलेलं. हेकरू लागला तेव्हा ड्रॅग घट्ट, मूठ फिरतेय, आणि दोरा मात्र निवांत खडपाकडे चाललेला. होडीचा तांडेल लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस हातानं ओढत होता. त्याला तासाभरात दोन मिळाले.

आता एवढं सांगितलंच आहे, तर तेही सांगायला हवं. काकांची आई मालवणची. लग्न होऊन रायपूरला आली ती इथलीच झाली. रविवारी मासळीबाजारात ती प्रत्येक टोपलीवर वाकून तोडक्यामोडक्या हिंदीत विचारायची, "खारे पानी का है क्या?" मासेवाला हसून म्हणायचा, "तालाब का है माताजी, एकदम ताजा." पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलाला तेव्हा लाज वाटायची. ती रोहू घेऊन घरी यायची, आमटी करायची, आणि स्वतः दोनच घास खायची.

तर तांडेलाच्या दोनांतला एक हेकरू थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून कुडाळहून मुंबई आणि मुंबईहून रायपूर असा आला. दोन रात्री काका दर मोठ्या स्टेशनावर उतरून बर्फ शोधत होते. घरी डबा उघडला. आई आता ऐंशीच्या पुढची. तिनं खुर्ची जवळ ओढायला लावली, माशाचा कल्ला बोटानं उचलून पाहिला, वास घेतला. बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"रीलवर काढला," काका म्हणाले.

आईनं मान डोलावली. मग बोटं पदराला पुसत विचारलं, "कितक्याक घेतलंस?"