आटे संपेपर्यंत

पुण्यात चांगला डॉक्टर कोण, असे विचारले तर दहा माणसे दहा नावे सांगतात. वकील विचारला तर "वेळ न येवो" असे म्हणत का होईना, दोन सांगतात. मोटारसायकलचा चांगला मिस्त्री विचारला की मात्र समोरचा आधी आजूबाजूला बघतो, आवाज उतरवतो आणि म्हणतो, "आहे एक. पण तो आता नवीन गिऱ्हाईक घेत नाही." मुलीला स्थळ सुचवणारे लोक या शहरात अजून सापडतात. मिस्त्री सुचवणारे सापडत नाहीत.

तसे पाहिले तर दुचाकीच्या बाबतीत हे शहर खानदानी. आकुर्डीतून १९७२ साली चेतक बाहेर पडली, त्याच साली फिरोदियांची लुना आली, आणि सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे बघता बघता धूर सोडायला शिकले. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची अख्खी बाजारपेठ वसली. चेतकवाल्या पिढीला गाडी आडवी करून किक मारता येई, प्लग काढून पॉलिश पेपरने घासता येई, आणि या दोन विद्यांच्या जोरावर ती पिढी स्वतःला निम्मी इंजिनियर समजे. गाडी सुरू कशी करायची याचे ज्ञान असे घरोघर होते. ती थांबवायची कशी, हा विषय मात्र कायम मिस्त्रीवर सोपवलेला.

कोथरूडच्या एका काकांचे उदाहरण घेऊ. निवृत्त, हिशेबी, पेन्शनच्या पासबुकात दर महिन्याला नोंद करून घेणारे. गाडी शंभर सीसीची, अकरा वर्षांची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. गेले वर्षभर काकांची तक्रार एकच होती, "ब्रेक जरा कमी लागतोय." मराठी माणसाच्या गाडीचा ब्रेक कधीही निकामी होत नाही, तो 'कमी लागतो'. उरलेली कमतरता काका पायांनी भरून काढत. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला विमान उतरावे तसे ते दोन्ही पाय खाली सोडून येत. त्या वर्षात चपलांचे दोन जोड झिजले. तो खर्च त्यांनी पादत्राणे या सदरात लिहिला, वाहन या सदरात नाही.

पहिला मिस्त्री झाडाखालचा. एक लोखंडी पेटी, एक पंप, एक पडके स्टूल. काकांनी तक्रार सांगितली. मिस्त्री वाकला, मागच्या चाकाशी ब्रेकच्या सळीला असलेला नट चार फेरे आवळला आणि म्हणाला, "मारा बरं ब्रेक." काकांनी मारला. लागला! वीस रुपये. काका खूश, मिस्त्री खूश. पुढच्या महिन्यात पुन्हा चार फेरे, पुन्हा वीस रुपये. "माणूस प्रामाणिक आहे हो, उगाच खोलत बसत नाही," असे प्रशस्तिपत्र काकांनी सोसायटीत वाटले.

आता, नट आवळल्याने होते काय? ड्रमच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात, त्यांच्यावर घर्षणाचा थर असतो. गॅरेजच्या भाषेत लायनर. तो झिजला की शूला ड्रमपर्यंत जास्त अंतर जावे लागते, पायाला पॅडल खोल गेल्यासारखे वाटते. नट आवळला की शू ड्रमच्या जवळ सरकतात आणि ब्रेक 'वर' येतो. लायनर तेवढाच पातळ राहतो. एक दिवस सळीवरचे आटे संपतात आणि नट आवळायला जागाच उरत नाही.

हे आतले गुपितही नाही. अनेक गाड्यांच्या मागच्या चाकाजवळ, ब्रेकच्या झाकणावर बाहेरच एक खूण कोरलेली असते आणि शेजारी छोटा बाण. ब्रेक पूर्ण दाबायचा आणि बघायचे. बाण खुणेशी पोचला की लायनर बदलायची वेळ झाली. फुकट, बिनहत्याराचे, दहा सेकंदांचे काम. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात तो हाच प्रकार. पण काकांच्या सोसायटीत बेचाळीस दुचाक्या आहेत आणि त्या बाणाची ओळख एकालाही नाही. वॉचमनला होती. त्याला कोणी विचारले नाही.

आटे संपले तेव्हा काका चकचकीत सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे मिस्त्री दिसतच नाही. दिसतो तो टॅबलेटवाला सुपरवायझर. तो गाडीकडे न बघता "सर, जनरल चेकअप टाकतो" म्हणतो. मग सोबत चेन क्लीनिंग, इंजिन फ्लश, पॉलिश, गंजरोधक लेप अशी पक्वान्नांची यादी येते. काकांनी ब्रेकचे विचारले. "ते त्यातच येतं, सर." काकांना आत जाऊन बघायचे होते. काचेवर पाटी होती, सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकांना प्रवेश नाही. कोणाच्या सुरक्षेच्या, ते पाटीवर नव्हते.

संध्याकाळी बिल आले. लायनर बदललेला होता, हे मान्य करायला हवे. त्याची किंमत दोनशे-तीनशेच्या घरात होती आणि बिलाची एकूण रक्कम दोन हजारांच्या पुढे. मधल्या ओळींत 'कन्झ्युमेबल्स' असा एक पदार्थ होता. काकांनी विचारले, म्हणजे काय? "फडकं, ग्रीस वगैरे, सर." काकांनी जुना लायनर मागितला. "तो स्क्रॅपमध्ये गेला, सर." रात्री मोबाईलवर निरोप आला, आमच्या सेवेला दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमच्या माणसाचे नुकसान होते. काकांनी दहा दिले. माणूस हळवा.

इथे थोडे सरकारचेही कौतुक व्हायला हवे. काकांची गाडी बीएस-४ च्या आधीची, म्हणून तिच्या धुराचा दाखला दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. नव्या मानकांच्या गाड्यांना तो वर्षाने लागतो. म्हणजे या गाडीच्या नळकांड्यात अकरा वर्षांत वीसेक वेळा तरी नळी खुपसली गेली. ब्रेक एकदाही कोणी पाहिला नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर, पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची, तेव्हा कुठे तिची तब्येत पाहायची पद्धत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ब्रेकवर स्वतंत्र नियम आहे, नाही असे नाही. तो पाळला जातो की नाही हे तपासायचे काम १५ वर्षे नशिबाकडे दिलेले आहे. गाडीने सोडलेल्या धुराची काळजी सगळ्यांना आहे, आणि ती असावीच. पण २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळी काही ब्रेकमुळे नव्हे, हे खरेच. तरी ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, आणि चपलेने ११ मीटर थांबवता येत नाहीत.

सरकारने नव्या गाड्यांसाठी केले आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. ही सोय मुद्दाम आपल्यासाठीच केली असावी. कारण पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, ही श्रद्धा आपल्याकडे वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाते. प्रत्यक्षात ब्रेक मारताच वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते. काकांनी पुढचा ब्रेक अकरा वर्षांत वापरलेला नव्हता. त्याची केबल गंजून इतकी बसली होती की तो पेन्शनीत निघाल्याचे कोणाला कळलेच नाही.

काकांच्या पुतण्याकडे पुढे डिस्कवाली मोटारसायकल. डिस्क म्हणजे फार आधुनिक, तिथे नट आवळता येत नाही. म्हणून मिस्त्री मंडळींनी तिथे दुसरी युक्ती काढली: ऑइल टाकणे. हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल असते (नावाला ऑइल, पण तिथे खरे इंजिन ऑइल ओतले तर आतले रबर फुगून ब्रेकचे तेरावे घालावे लागेल). पॅड झिजतात तशी डबीतली पातळी खाली जाते. म्हणजे पातळी खाली गेली की पहिला प्रश्न हवा, पॅड किती उरलेत? पुतण्याच्या मिस्त्रीने प्रश्न न विचारता दर वेळी वरून भर घातली. शेवटी पॅड लोखंडाला लागले आणि करकर ऐकून ते बदलले, तेव्हा कॅलिपरचे पिस्टन मागे सरकले, जास्तीचे ऑइल डबीतून उसळले आणि टाकीवरचा रंग सोलून निघाला. त्यावर मिस्त्रीचे निदान, "रंगच डुप्लिकेट आहे." रोग रेड्याला, औषध पखालीला.

ते ऑइल कुठून येते, हेही पाहण्यासारखे. फळीवर एक डबा, तोंडाला चिंधीचा बोळा, केव्हा उघडला ते त्यालाच माहीत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. डॉट ४ जातीचे ताजे ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. पाणी मुरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. म्हणूनच ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. सिंहगडाचा उतार ब्रेक दाबून दाबून उतरताना हे पाणी आत उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, पण पॅड दाबत नाही. लिव्हर थेट मुठीला टेकते. पुतण्याला ही अनुभूती गडाच्या दुसऱ्या वळणावर आली. तानाजीच्या मावळ्यांना निदान दोर कापल्याचे आधी कळले होते.

काकांकडे परत येऊ. नवा लायनर ड्रमला बसायला काही दिवस घेतो. तोवर पकड थोडी कमीच वाटते. हे त्यांना सर्व्हिस सेंटरने सांगितले नाही, कारण टॅबलेटमध्ये तसा रकाना नाही. काका तडक झाडाखाली गेले. मिस्त्रीने नव्या उत्साहाने नट आवळला. आता आटे भरपूर होते.

पंधरा दिवसांत चाक जड झाले, पेट्रोल जास्त जाऊ लागले आणि ब्रेक पुन्हा 'कमी'. तेव्हा सोसायटीतल्या एका विद्यार्थ्याने काकांना भवानी पेठेतल्या एका बोळात नेले. तिथले मिस्त्री साठीचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी काहीच न विचारता चाक डबल स्टँडवर हाताने फिरवले. अर्धा फेरा घेऊन थांबले. ड्रमला हात लावून त्यांनी तो लगेच मागे घेतला. "गावातल्या गावातच आलात ना? मग एवढा तापायचं कारण काय?"

मग पाना लावून एक्सल काढला, चाक उतरवले आणि ब्रेकची प्लेट वर्तमानपत्रावर ठेवली. काकांनी अकरा वर्षांत प्रथमच स्वतःचा ब्रेक पाहिला. लायनर नवाच होता, पण आरशासारखा चकाकत होता. मिस्त्रींनी नख फिरवले, नख सटकले. "ब्रेक कमी लागतो म्हणून आवळला. आवळला म्हणून घासत राहिला. घासला म्हणून तापला, तापला म्हणून असा काचेसारखा झाला. आणि काचेसारखा झाला म्हणून अजून कमी लागतो. मग तुम्ही काय केलं?" काका गप्प. "परत आवळला," मिस्त्रींनीच उत्तर दिले.

शू फाकवणारा कॅम कोरडाठाक होता. त्यांनी तो साफ केला आणि काडीच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावले, लायनरला लागणार नाही अशा बेताने. ओल्या फडक्याने धूळ पुसली. शेजारच्या पोराने हवेचा पाइप आणला होता, त्याला परत पाठवले. "ती धूळ छातीत जाते रे." लायनर पॉलिश पेपरने खरखरीत केला, चाक बसवले आणि शेवटी नट सहा फेरे सैल सोडला. पॅडल बोटभर मोकळे हलले, मग घट्ट झाले. पुढची गंजकी केबल बदलली, जुनी गुंडाळून काकांच्या हातात दिली. "मागचा लायनर बदलू का?" काकांनी विचारले. "कशाला? वर्षभर बघायचं नाही त्याच्याकडे." केबलचे पैसे आणि वर शंभर रुपये मजुरी.

परतीच्या वाटेवर ब्रेक लागला. दोन्ही लागले. पाय खाली न सोडता काका सिग्नलला थांबले, आणि मागचा रिक्षावाला त्यांच्यावर आदळता आदळता वाचला, इतके ते अनपेक्षित होते.

घरी येऊन काकांनी विचार केला. माणसाने पैसे कमी घेतले. सामान विकायची संधी सोडली. वर आपल्यालाच चार शब्द सुनावले. आणि मुख्य म्हणजे, ब्रेक लागत नाही म्हणून गाडी नेली तर याने नट उलट सैल केला! "त्याला काही कळत नाही," काकांनी सोसायटीच्या कट्ट्यावर जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी झाडाखाली जाऊन चार फेरे आवळून आणले. वीस रुपये. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पुढच्या मडगार्डवर स्वस्तिक काढले आणि चाकाखाली लिंबू ठेवले.

भवानी पेठेतल्या त्या गॅरेजचा पत्ता सदरलेखकाकडे आहे. वाचकांनी तो विचारू नये. ते आता नवीन गिऱ्हाईक घेत नाहीत.