कमांडकाका

मीरा-भाईंदरातील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे तीन निर्वाचित पदाधिकारी असतात. परंतु उपविधींत ज्याचा उल्लेख नाही, वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्याची निवड होत नाही आणि ज्यास पदच्युत करण्याची कसलीही तजवीज सहकार कायद्याने करून ठेवलेली नाही, असा एक चौथा अधिकारीही तेथे हटकून असतो. इमारतीतील संगणकांच्या परस्परांतील दळणवळणाचा सारा बंदोबस्त त्याच्याकडे असतो, निदान तो आपल्याकडे आहे अशी त्याची स्वतःची निःशंक समजूत असते. मीरा रोड पूर्वेच्या शांतीनगरात, आमच्या इमारतीत, या अधिकाऱ्यास लहानथोर सर्व मंडळी ‘कमांडकाका’ म्हणतात. इतर इमारतींत त्यास अन्य नावे असतील, पण असामी तीच.

कमांडकाका एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर काळा पडदा आणि त्यावर करड्या अक्षरांच्या ओळी यांपलीकडे पाहण्यासारखे काही नसते. माउस घरात आहे, परंतु तो सूनबाईंचा. चित्रावर टिचकी मारून काम करवून घेणारा मनुष्य यंत्राकडे अर्ज करतो आणि अक्षरे टंकून काम करवून घेणारा हुकूम सोडतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. आणि सारी नोकरी वरिष्ठांकडे अर्ज करण्यात गेल्यानंतर माणसाला निदान घरच्या टेबलावर तरी हुकूम सोडता यावा, ही अपेक्षा मला गैरवाजवी वाटत नाही.

या वृत्तीस इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले, तेव्हा त्यातल्या त्यात परवडण्याजोगे खाते होते ते विद्यार्थ्यांसाठीचे, आणि त्यात चित्रे मुळीच दिसत नसत. मोडेमचे विव्हळणे संपले की पडद्यावर उमटत ती केवळ अक्षरे, आणि पलीकडे असे एक युनिक्स यंत्र, आज्ञेची प्रतीक्षा करीत. भाच्याच्या नावे काढलेल्या अशा खात्यावर काकांची पहिली दीक्षा झाली. दुसरी झाली ती ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या लिनक्सच्या सीडीवर. त्या काळी नेटवर्क कार्ड यंत्राने आपण होऊन ओळखणे ही कृपा समजली जाई. बहुधा त्याची मनधरणी करावी लागे, आणि ती ज्याने स्वहस्ते केली त्याला पुढे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ म्हणणाऱ्यांविषयी आदर वाटणे कठीणच.

मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. परंतु काकांच्या कालगणनेत या दोन्ही घटना गौण असून, खरे युग सुरू झाले ते केबलवाल्यांनी दूरदर्शनच्या तारांसोबत इंटरनेटची निळी तार एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर फेकली त्या दिवशी. शंभर मीटरांपलीकडे ही तार नेऊ नये असा शास्त्राचा दंडक आहे. गच्च्यांवरील मंडळींस तो ठाऊक नसावा. पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या पेटीत स्विच, पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्यातली निम्मी भोके मृत, आणि ग्राहकाच्या हाती एक चिटोरे: आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस. बहुसंख्य कुटुंबे ते चिटोरे देवघरात किंवा डिरेक्टरीत ठेवून लगेच विसरत आणि महिन्याभरात काकांचे दार वाजवीत. त्यातच केबलवाल्याने प्रत्येकाच्या कार्डाचा अठ्ठेचाळीस बिटांचा जन्मजात क्रमांक आपल्या वहीत नोंदवून ठेवलेला असे. कार्ड जळून नवे आणले की जुनी नोंद बदलण्यासाठी चार दिवस फोनवर आर्जवे. काकांनी यावर उतारा शोधला. कार्ड खाली आणावे, ‘इफकॉन्फिग’ या हुकुमाच्या एका ओळीने नव्या कार्डास जुन्याचा क्रमांक धारण करावयास लावावे, आणि पुन्हा वर न्यावे. ही सेवा त्यांनी अर्ध्या शांतीनगरास विनामूल्य पुरविली, आणि केबलवाल्यास अखेरपर्यंत पत्ता लागला नाही.

त्यांची कार्यपद्धती जवळून पाहण्याचा योग मला संस्थेच्या कार्यालयात आला. तेथील इंटरनेट काही दिवस येत-जात होते. सचिव राउटर बंद करून सुरू करीत, की तासभर सर्व आलबेल, की पुन्हा अंधार. समिती नवा राउटर मंजूर करण्याच्या बेतात असताना काका लॅपटॉप काखेत मारून दाखल झाले.

“काका, मी आत्ताच रिस्टार्ट केलाय,” सचिव म्हणाले.

“म्हणजे पुरावा पुसलात,” काका म्हणाले. “बसा आता तासभर.”

खरोखरच सर्वजण तासभर बसले. इंटरनेट यथाकाल गेले आणि काका कामास लागले. त्यांचा क्रम कधी चुकत नाही, आणि तो तळाकडून वर जातो. प्रथम ‘आयपी लिंक’: तारेत जीव आहे काय? होता. मग ‘आयपी ॲड्रेस’: यंत्रास पत्ता आहे काय? होता. मग ‘आयपी राउट’: बाहेर पडण्याचा मार्ग ठाऊक आहे काय? या ठिकाणी थांबून त्यांनी आम्हां अज्ञ जनांस गेटवे म्हणजे काय ते समजावले. “मुंबईत रस्त्यानं शिरायचं तर दहिसरचा चेकनाका. आतल्या आत मीरा रोडहून भाईंदरला जाणाऱ्याला नाका लागत नाही. बाहेर जाणारा प्रत्येक जण आधी नाक्यावर. इथं आपला नाका १९२.१६८.१.१. आता बघू, नाक्यावर बसलंय कोण.”

मग त्यांनी ‘आर्पिंग’ नावाचा हुकूम सोडला. ‘१९२.१६८.१.१ कोण आहे?’ असा पुकारा तारेवर करणे एवढेच त्याचे काम. आणि त्या एका पुकाऱ्यास पडद्यावर दोन निरनिराळ्या कार्डांनी ‘मी, मी’ म्हणून उत्तर दिले. काकांनी चष्मा कपाळावर चढविला. कार्डाच्या क्रमांकाचा पूर्वार्ध ते बनविणाऱ्या कारखान्यास वाटून दिलेला असतो, त्याची रुजवात त्यांनी आपल्याजवळच्या फेरिस्तीशी घातली आणि निकाल दिला: “एक राउटर. दुसरा तुमचा कॅमेरेवाला.” सीसीटीव्ही बसविणाऱ्या इसमाने रेकॉर्डरला, सोपा दिसला म्हणून, राउटरचाच पत्ता देऊन ठेवला होता. ज्या यंत्राने ज्याचे उत्तर शेवटचे ऐकले, त्याच्याकडे ते आपला सारा ऐवज सुपूर्त करी. आणि रेकॉर्डर तो स्वीकारून स्वस्थ बसे. राउटर सुरू होताना आपले नाव पुकारतो, म्हणून सचिवांच्या उपचाराने तासभर उतार पडे, इतकेच.

रोगनिदान निर्दोष होते. परंतु उपाययोजनेत एक विघ्न उपस्थित झाले. रेकॉर्डरचा पत्ता बदलावयाचा तर तो वॉचमनच्या खोलीतील पडद्यावर, आणि केवळ माउसने. काकांनी त्या माउसकडे पाहिले, हात पाठीमागे बांधले, आणि वॉचमनला स्टुलावर बसवून उभ्याने एकेक टिचकी सांगितली. सुमारे अर्ध्या तासाने रेकॉर्डर १९२.१६८.१.५० वर तैनात झाला. वॉचमन आता स्वतःस या विषयातील जाणकार मानतो.

काकांच्या शत्रूंचा, म्हणजे मुख्यत्वे सचिवांचा, त्यांच्यावर आक्षेप असा की त्यांनी केलेली दुरुस्ती वीज गेली की नाहीशी होते. हा आक्षेप खरा आहे. टंकलेला हुकूम यंत्राच्या चालू स्मृतीत राहतो. तो कायम व्हावयाचा तर त्याची दफ्तरी नोंद व्हावी लागते, आणि ते दफ्तर लिनक्सच्या डेबियन या अवतारात एका फायलीत, उबुंटूत २०१७ पासून नेटप्लॅनच्या निराळ्या फायलीत, तर फ्रीबीएसडीत तिसऱ्याच ठिकाणी असते. काका नोंद करावयाचे टाळतात. यास लोक आळस म्हणतात, कोणी आपली गरज कायम ठेवण्याची हिकमत म्हणतात. खरे कारण फोर्टात आहे.

नोकरीत असताना एका रात्री मीरा रोडच्या घरी बसून फोर्टातील सर्व्हरच्या कार्डास नवा पत्ता देण्याचे काम त्यांनी पत्करले होते. कार्ड खाली आणावे, नवा पत्ता द्यावा, पुन्हा वर न्यावे. पहिला हुकूम त्यांनी सोडला. यंत्राने तो तत्क्षणी पाळला. आणि पुढचे दोन ज्या कार्डातून पोहोचावयाचे तेच निद्रिस्त झाल्यामुळे पडदा जागच्या जागी थिजला. काकूंनी विचारले, “काय झालं?” काका पायात बूट चढवीत म्हणाले, “काही नाही. चर्चगेटला जाऊन येतो.” उलट्या दिशेच्या रिकाम्या लोकलीत त्यांस विचार करावयास भरपूर अवकाश मिळाला. तेव्हापासून दूरस्थ यंत्रास हात लावण्यापूर्वी ते प्रथम ‘दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो’ असा हुकूम देऊन ठेवतात. काम सुरळीत झाले तर तो रद्द करावयाचा. आपल्याच हाताने आपली वाट बंद झाली, तर दहा मिनिटांनी यंत्र नवे सारे विसरून जुन्या दफ्तराप्रमाणे उठून उभे राहते. नोंद आधीच करून ठेवली असती, तर ही सुटका कोठून मिळती? सचिवांस हे अद्याप उमगलेले नाही. मलाही दोनदा ऐकावे लागले.

त्यांचे खरे दुःख वेगळेच आहे. ज्या ‘इफकॉन्फिग’वर त्यांची हयात गेली, तो हुकूम १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडीतून आलेला. लिनक्समध्ये त्यास आता कालबाह्य ठरवून अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांनी रचलेल्या ‘आयपी’ या हुकुमास गादीवर बसविले आहे. नवा हुकूम अधिक समर्थ आहे, हे काका जाणतात आणि वापरतातही. परंतु कार्डांची नावेही बदलली. पूर्वी यंत्रास कार्डे ज्या क्रमाने सापडत त्या क्रमाने ‘ईटीएच-शून्य’, ‘ईटीएच-एक’ अशी नावे पडत, आणि दोन कार्डांच्या यंत्रात तो क्रम एखाद्या सकाळी उलटला की बाहेरच्या दाराचा पहारा आतल्या दाराला लागे. म्हणून २०१३ पासून लिनक्सच्या सिस्टिमडी या कारभाऱ्याने कार्ड कोणत्या जागी बसले आहे त्यावरून नाव ठेवण्याचा शिरस्ता घातला. व्यवस्था न्याय्य आहे. पण ‘ईएनपी-तीन-एस-शून्य’ हे नाव घेताना काकांच्या मुद्रेवर जो भाव येतो, तो नात्यातल्या माणसाचा उल्लेख पॅन क्रमांकाने करावा लागल्याचा असतो.

या दुःखावर मीठ चोळण्यासाठी त्यांचे एक मित्र भाईंदर पूर्वेस राहतात. ते फ्रीबीएसडीपंथी आहेत. त्यांच्याकडे वायफायपासून व्हीलॅनपर्यंत सारा कारभार आजही ‘इफकॉन्फिग’च पाहतो. संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीकाठी भेट झाली की ते एवढेच विचारतात, “मग, या वर्षी कुठली नवी कमांड?” काका वसईच्या खाडीकडे पाहून उत्तर देण्याचे टाळतात.

आता इमारतीत फायबर आले आहे. पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी बिनबोभाट करतो, चिटोरे इतिहासजमा झाले, आणि काकांचे दार पूर्वीइतके वाजत नाही. तरी ते वाजणे थांबलेले नाही, कारण जगात कॅमेरे बसविणारे आहेत आणि त्यांस सोपे पत्ते आवडतात. तेव्हा आपल्या इमारतीतही असा प्रसंग आला आणि अशा गृहस्थास निरोप धाडावा लागला, तर वाचकांनी एवढे पथ्य अवश्य पाळावे: ते येईपर्यंत राउटरला हात लावू नये. चहा मात्र करून ठेवावा, बिनसाखरेचा.