बर्फ कमी, बुद्धी जास्त

वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून पहाटे निघालेलं डाळिंब दुपारी ऐरोलीच्या आयटी पार्कबाहेर ग्लासात उतरतं, तोवर त्याला बढती मिळालेली असते. आता ते फळ नसतं, ‘ब्रेन बूस्टर’ असतं. बढतीबरोबर दरही वाढतो, हे ओघानं आलंच.

शास्त्राचा आधार नाही असं नाही. २०१० साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी विसरभोळेपणा सुरू झालेल्या ९ ज्येष्ठांना १२ आठवडे जंगली ब्लूबेरीचा रस पाजला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्यांचे गुण सुधारले. पण माणसं ९! एवढ्यांत आपल्या सोसायटीच्या सभेचा कोरमही भरत नाही.

शिवाय या करामतीचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ती फळांतली पॉलिफेनॉलं साली, बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यात अधिक. त्यांपैकी मोसंबीतलं हेस्पेरिडिन तर मुख्यतः साल-पापुद्र्यात दडलेलं. ज्यूसवाला नेमकं तेच सोलून फेकतो, उरलेलं गाळतो, वर साखरेचा पाक आणि चाट मसाला. गिऱ्हाइकाला तुरट लागू नये म्हणून सारी धडपड, आणि तुरटपणा हीच तर या मंडळींची ओळख. तेव्हा नवी मुंबईत कुणाची बुद्धी वाढत असलीच, तर दुकानामागे साली रवंथ करणाऱ्या गायीची.

कोकमात मात्र मुळात साल हाच माल. तिचीच आमसुलं, तिचंच आगळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. पण सोलकढी पडली मासळीच्या थाळीबरोबर येणारी. तिला ब्रेन बूस्टर म्हणायचं कसं? ती पिऊन माणूस सरळ झोपतो.